परदेशातून परतल्यावर सहल हवी, पण दहाव्या दिवशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर लागला की इंदूरच्या मराठी घरांची कुलपे एकेक करून उघडू लागतात. उन्हाळ्याआधी मुलाकडे, लेकीकडे अमेरिकेला गेलेले आईवडील व्हिजिटर व्हिसावर एका खेपेस साधारण मिळणारे सहा महिने संपवून दिवाळीच्या तोंडावर परततात. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, कुठेही विचारा, गल्लीत असे एखादे घर असतेच. आता मुले तिकडूनच महेश्वर किंवा मांडूची खोली राखून ठेवतात आणि सांगतात, "थकून आलात, उतरलात की परस्पर तिकडेच जा, दोन दिवस आराम करा." माया खरी आहे, पण दिवस चुकतो. उतरल्या उतरल्या केलेल्या सहलीत माणूस हॉटेलच्या खोलीत रात्री दोनला टक्क जागा आणि दुपारी जेवणाच्या ताटावर पेंगत असतो. शिवाय परत यायचे ते सहा महिने बंद असलेल्या घरात. सहल जरूर करावी, पण घर लागल्यावर, झोप निम्मीअधिक बसल्यावर, म्हणजे साधारण आठव्या ते बाराव्या दिवसांत. तोपर्यंत काय करायचे आणि मग ती सहल कशी आखायची, हे आपल्या वाचकांसाठी तपशिलात लिहीत आहोत.

आधी दिवसांचा हिशेब. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एका तासाने सरकते. न्यूयॉर्क आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, कॅलिफोर्नियाशी साडेबारा तासांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात, मग हाच फरक साडेदहा आणि साडेतेरा होतो. म्हणजे अमेरिकेहून आलेल्या माणसाला आठ-दहा दिवस तरी लागणार, आणि पासष्टीनंतर एखाददोन दिवस जास्तच धरावेत. लंडनचा फरक उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा, तिथून आलेला माणूस पाच-सहा दिवसांत रुळतो. यात भूक, शौचाची वेळ, अंगाचे तापमान, बीपी हे सगळे येते, नुसती झोप नव्हे. म्हणून तिसऱ्या दिवशी रात्र चांगली गेली तरी पोट अजून शिकागोच्या वेळेवरच चालू असते, आणि "झोप तर लागली, मग बरे का वाटत नाही?" हा प्रश्न पडतो.

मुंबईला किंवा दिल्लीला उतरल्यावर इंदूर गाठायचे कसे, इथेच पहिली चूक होते. मुंबईहून टॅक्सी करून थेट निघणारे बरेच आहेत. तो रस्ता जवळपास सहाशे किलोमीटरचा, म्हणजे पंधरा-सोळा तास विमानात पाय लोंबकळत ठेवून आलेल्या माणसाला आणखी अकरा-बारा तास बसवून आणणे. लांबच्या विमानप्रवासानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका उतरल्याबरोबर संपत नाही, पहिले दोन आठवडे तो बराच असतो. त्यामुळे पुढचे विमान घ्यावे, किंवा मुंबईला दिवसभर कुणाकडे पाठ टेकून रात्री अवंतिका एक्सप्रेसने लोअर बर्थवर आडवे होऊन यावे. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते आहे, हाताला गरम लागते आहे, असे दिसले तर चोळू नये, तेल लावून मालिश तर मुळीच नको. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर सरळ इस्पितळ गाठावे. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर ते बहुधा बसून बसून झालेले असते, उशीवर पाय ठेवून झोपले की दोन-तीन दिवसांत उतरते.

घरी आल्यावर पहिले तीन दिवस एवढेच पाळावे: दुपारची झोप तीनच्या आत आणि गजर लावून अर्ध्या तासाची. "जरा पडतो" म्हणून तीनला पडलेला माणूस सातला उठतो आणि ती रात्र हातची जाते. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. पोटात गेलेल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनीही अंगात असतो, हे लक्षात घेतले की संध्याकाळचा कप किती महागात पडतो ते कळते. रात्रीचे जेवण सात-साडेसातला, हलके: मुगाची खिचडी, ताक, भाकरी-भाजी. भूक नसली तरी वेळेवर दोन घास खावेत, कारण जेवणाच्या वेळेवरूनही शरीर दिवस-रात्र ओळखते.

आणि फोन. हे लिहिताना जरा जपून लिहितो आहोत, कारण इथे मन गुंतलेले असते. आपल्याला रात्री दोनला जाग येते तेव्हा न्यूयॉर्कला दुपारचे साडेचार झालेले असतात आणि नात नुकतीच शाळेतून आलेली असते. हात आपोआप फोनकडे जातो. पण पडद्याचा उजेड आणि ती तासाभराची किलबिल यांनी शरीराला पक्के पटते की आपण अजून तिकडेच आहोत. त्यापेक्षा वेळ बांधून घ्यावी. आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे दहा आणि कॅलिफोर्नियाचे सात. न्यूयॉर्कवाल्यांनी शनिवार-रविवार हीच वेळ ठेवावी, इतर दिवशी आपली पहाट साडेपाच-सहाची, तेव्हा तिकडे रात्रीचे आठ-साडेआठ वाजलेले असतात. नोव्हेंबरात घड्याळ बदलले की हे सगळे एक तासाने पुढे जाते, ते आधीच ठरवून घ्यावे, नाहीतर पोर फोनपाशी वाट बघत बसते. रात्री जाग आली तर दिवा न लावता पडून राहावे. अर्धा-पाऊण तास तळमळ झाली तरच उठून मंद दिव्यात काही वाचावे, जप करावा. फोन मात्र दुसऱ्या खोलीत असावा.

औषधांच्या बाबतीत तीन गोष्टी. अमेरिकेतून आणलेल्या डब्यावर अ‍ॅसिटामिनोफेन लिहिलेले असते, ते आपले पॅरासिटामॉलच. अंग दुखते म्हणून तिकडची गोळी आणि ताप वाटला म्हणून इकडची, अशी दुहेरी मात्रा नकळत पोटात जाते. तिकडच्या सर्दीच्या आणि रात्रीच्या कित्येक औषधांतही ते मिसळलेले असते. त्याचा भार यकृतावर पडतो, म्हणून मागचे लेबल वाचल्याशिवाय डबा उघडू नये. दुसरी गोष्ट झोपेच्या मेलाटोनिनची. तिकडे किराणा दुकानातही मिळते म्हणून पाच, दहा मिलिग्रॅमच्या बाटल्या पेटीतून येतात. खरे तर अर्धा ते तीन मिलिग्रॅम पुरते, ते झोपायच्या वेळेआधी आणि चार-पाच रात्रींपुरतेच. रक्त पातळ करणारे औषध किंवा फिटची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. तिसरी गोष्ट इन्सुलिनची: वेळ एकदम दहा तासांनी सरकवायची नसते, ते सरकवण्याचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. थायरॉइडची गोळी सोपी, इथल्या पहाटे रिकाम्या पोटी सुरू करावी आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने घ्यावा.

रस्ता ओलांडताना पहिले आठ-दहा दिवस फार सांभाळावे. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून पाऊल टाकण्याआधी डावीकडे बघायची सवय सहा महिन्यांत मुरते. आपल्याकडे पहिली गाडी उजवीकडून येते. तिकडे पायी माणूस दिसला की बहुतेक गाड्या थांबतात, ही सवय तर आणखी घातक. स्कूटर किंवा कार चार-पाच रात्री नीट झोप होईपर्यंत काढू नये. काढलीच तर दुपारी दोन ते पाच या वेळात नको, डोळ्यावर झापड येते ती तेव्हाच.

आता घर. सहलीचे सगळे यश यावर आहे असे आमचे मत, म्हणून जरा सविस्तर.

घरात पाऊल टाकताच न्हाणीघरातून घाण वास येतो आणि झुरळे दिसतात, तेव्हा पहिला संशय ड्रेनेज तुंबल्याचा येतो. बहुतेक वेळा तसे नसते. फरशीवरच्या जाळीखाली जो वाकडा भाग असतो त्यात दोन इंच पाणी कायम उभे असते आणि तेच गटाराचा वास व झुरळे अडवते. इंदूरच्या कोरड्या हवेत सहा महिन्यांत ते पाणी पार आटते. जाळी काढून बॅटरीने बघा: आत ओले चकचकीत काही दिसायच्या जागी पांढऱ्या क्षारांचा आणि केसांचा वाळलेला थर दिसेल. प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये, वापरात नसलेल्या संडासात एकेक बादली पाणी ओतले की तासाभरात वास जातो. पुढच्या वेळी जाताना पाणी ओतून वर दोन चमचे गोडे तेल सोडावे, तेलाच्या पापुद्र्यामुळे पाणी लवकर उडत नाही.

वरच्या टाकीतले जुने पाणी वापरू नये, ते सोडून द्यावे. टाकी रिकामी करून नारळाच्या काथ्याने किंवा ब्रशने आतून घासायची, साबण लावायचा नाही, दोनदा धुवायची. मग भरायची. हजार लिटरच्या टाकीला चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर दोनशे ग्रॅम, पाचशे लिटरला शंभर. पावडर आधी प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात कालवून पंधरा मिनिटे ठेवावी, खाली चुना बसतो, वरचे निवळ तेवढे टाकीत ओतावे. घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा आणि बंद करायचा, म्हणजे नळीतही ते पाणी जाते. रात्रभर ठेवून सकाळी सगळे सोडून द्यायचे, एकदा धुवायचे आणि मग पिण्याचे पाणी भरायचे. यात चुका तीन होतात. आर. ओ.ची तोटी बंद करायची राहून जाते आणि त्या कडक क्लोरीनने त्याचा पडदा खराब होतो. पुडी जुनी, उघडी पडलेली असते, तिचा क्लोरीन उडालेला असतो (पाणी कालवल्यावर नाकाला झोंबले नाही तर ती फेकून द्यावी). आणि सर्वांत वाईट म्हणजे उत्साहाच्या भरात तिथेच संडासाचे अ‍ॅसिड वापरले जाते. ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड एकत्र आले की विषारी वायू होतो, बंद न्हाणीघरात जीव घुसमटतो. ही दोन कामे वेगवेगळ्या दिवशी करावीत.

इंदूरच्या बहुतेक वस्त्यांत नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, म्हणून हे काम नळाचा दिवस बघूनच काढावे: पहिल्या नळाला टाकी घासून औषध घालायचे, दुसऱ्याला भरायची. आर. ओ.च्या बाहेरच्या कापसाच्या आणि कोळशाच्या कांड्या बदलून घ्याव्यात, त्यानंतर आर. ओ.ची टाकी पहिल्या दोन वेळा भरेल ते पाणी फरशी पुसायला वापरावे. गीझर साठवणीचा असेल तर पूर्ण तापवून, खिडकी उघडून, गरम पाणी काही मिनिटे बादलीत सोडून द्यावे, आणि त्या वेळी तोंडावर वाफ घेऊ नये. गॅसच्या रबरी नळीवर वर्ष छापलेले असते, पाच वर्षे झाली असतील तर बदलावी, चिरा पडल्या असतील तर वर्ष बघत बसू नये. धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. दम्याच्या माणसाने ते दोन तास शेजारी जाऊन बसावे.

मुलांनी प्रेमाने दिलेली शेकायची पट्टी किंवा किटली आपल्या प्लगमध्ये खोचण्यापूर्वी तिच्यावरचे बारीक अक्षर वाचावे. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. '१००-२४०' लिहिले असेल तर नुसता पिन बदलणारा तुकडा पुरे, मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर तसेच असतात. नुसते '१२०' लिहिलेली तापणारी वस्तू त्या तुकड्यावर लावली तर क्षणात जळते.

बँक-पेन्शनची कामे थोडक्यात: नव्वद दिवस काहीच वापर नसलेला प्रीपेड नंबर बंद पडू शकतो आणि त्याच्यामागे बँकेचे ओटीपी अडकतात, म्हणून नंबर पहिल्याच दिवशी तपासावा. पेन्शनधारकांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरचा, ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना ऑक्टोबरपासून देता येतो.

पोटाचे. सहा महिने डबाबंद, थंड, एकाच प्रकारच्या पाण्यावर राहिलेल्या पोटाला पहिल्या आठवड्यात सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात नेणे ही शिक्षा आहे. पोहे-जिलबी गरम, समोर केलेली असेल तर चालते. कापलेली फळे, कच्ची चटणी, पाणीपुरीचे पाणी, उसाचा रस दोन आठवडे टाळावेत. जुलाब लागलेच तर ओ. आर. एस.ची पुडी एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात चिमूटभर असा अंदाज नको. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडले तर अपाय होतो, म्हणून चव घेऊन बघावी, डोळ्यांतल्या अश्रूंपेक्षा खारट नको.

आणि भेटायला येणारी माणसे. ती हवीतच, पण तिसऱ्या दिवशी रात्री नऊला दहा जण नकोत. आप्तांनीही हे जाणावे. सकाळी अकरा ते एक हा उत्तम काळ. आल्यावर "कशी काय अमेरिका?" विचारण्याआधी दूध, भाजी, किल्लीवाला, कामवाल्या बाईंचा निरोप यांतले काय हवे ते विचारावे. पाहुणे गेले की घर एकदम शांत होते. ती शांतता सुखाची नसते. सहा महिने कानांत बसलेले "आजी, बघ ना!" त्या रिकाम्या खोल्यांत ऐकू येत राहते. बऱ्याच जणांना चौथ्या-पाचव्या दिवशी रडू येते, कारण नसताना नवरा-बायकोत खटके उडतात. थकवा, तुटलेली झोप आणि विरह हे तिन्ही एकदम आलेले असतात, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दोन-तीन आठवड्यांनीही मन उठत नसेल, जेवण जात नसेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलावे.

इथेच सहलीची जागा आहे. टाकी धुतली गेली, औषधांच्या वेळा बसल्या, पहिली धावपळ सरली, आणि घर शांत झाले, अशा आठव्या-दहाव्या दिवशी निघावे.

अंतर शंभर किलोमीटरच्या आत. पचमढी सुंदर आहे, पण साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे, या वेळेला नको. मांडू ऐंशी-शंभर किलोमीटर, हवा थंड, पण तिथे गाडीतून उतरून चढावेच लागते, रूपमतीच्या महालापर्यंत तर दम लागतो. ओंकारेश्वर जवळ, मात्र गर्दी आणि पूल-पायऱ्या फार, सोमवारी तर विचारूच नका. पहिल्या सहलीला आमची पसंती महेश्वरला. नव्वद किलोमीटरच्या आसपास, तळ नर्मदेकाठचा, इंदूरपेक्षा बराच सखल, त्यामुळे कार्तिकातही रात्र ऊबदार. शनिवार-रविवार अर्धे इंदूर तिथे असते. सोमवारी दुपारी जावे, गुरुवारी सकाळी परतावे, म्हणजे तीन रात्री. दोन रात्रींत एक संपूर्ण दिवसच मिळतो आणि तो सामान लावण्यात जातो. कार्तिकी पौर्णिमा टाळावी.

वाटा दोन. एक आग्रा-मुंबई महामार्गाने मानपूर, धामनोद करत. रस्ता रुंद, पण मानपूरच्या पुढे घाट उतरताना अवजड ट्रक असतात, चालकाला घाई करू देऊ नये. दुसरी महूवरून जाम गेटने मंडलेश्वरला उतरणारी. देखावा अप्रतिम, अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा वाटेत, पण वळणे इतकी की झोप तुटलेल्या माणसाला मळमळते. जाताना महामार्गाने जावे, परतताना अंग हलके वाटले तर जाम घाटाने. दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. ज्यांना डॉक्टरांनी पायाचे घट्ट मोजे दिले आहेत त्यांनी ते या प्रवासातही घालावेत, पेटीत ठेवून देऊ नयेत.

खोली ठरवताना किल्ल्याचा देखावा नंतर विचारा. आधी हे विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, खोलीपर्यंत किती पायऱ्या, कमोडशेजारी धरायला दांडी आहे का, पडदे जाड आहेत का, रात्रीचे जेवण सातला मिळेल का. रात्री उठावे लागते, अनोळखी अंधारात पाय घसरतो, म्हणून प्लगमध्ये लावायचा छोटा तांबडा किंवा पिवळा दिवा घरून न्यावा. पांढरा दिवा झोप उडवतो.

आता या सहलीचा खरा उपयोग. दहाव्या दिवशी शरीराचे घड्याळ दोन-तीन तासच चुकलेले असते, आणि ते उजेडाने दुरुस्त होते. कोणत्या वेळचा उजेड, हे मात्र माणसागणिक वेगळे. ज्याला संध्याकाळी सातला पेंग येते आणि पहाटे तीनला जाग येते, त्याने संध्याकाळचे ऊन घ्यावे, सूर्य बुडेपर्यंत बाहेर राहावे आणि पहाटे खोली अंधारी ठेवावी. अशा माणसाला हौसेने पहाटेच घाटावर नेले की घड्याळ उलट आणखी पुढे जाते, आणि हीच चूक सर्वांत जास्त होते. याउलट ज्याला रात्री एक-दोनपर्यंत झोपच लागत नाही, सकाळी नऊशिवाय डोळा उघडत नाही, त्याने साडेसात-आठला घाटावर जाऊन तासभर बसावे आणि संध्याकाळी लवकर आत यावे. नवरा-बायकोचे दोन प्रकार निघाले तर एकमेकांना ओढत नेऊ नये, दुपारचे जेवण एकत्र करावे.

घाटाची जागा नीट निवडावी. महेश्वर नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे, पाण्याकडे तोंड करून बसले की समोर दक्षिण आणि सूर्य उजव्या हाताला मावळतो. अहिल्या घाटावर वरच्या रुंद टप्प्यावर बसावे, पाठीला दगडी भिंत मिळते. पावणेपाचला ऊन पायांवर असते, मग गुडघ्यांवर, मग नदीतल्या बाणेश्वराच्या शिखरावर, आणि पावणेसहाच्या सुमारास पाण्यावरचा लाल पट्टा विझतो. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि वरच्या धरणांतून पाणी सोडले की पातळी बदलते, त्यामुळे काल कोरडी असलेली पायरी आज निसरडी असू शकते. तीर्थ घ्यायचे तर कुणाचा तरी हात धरून, तांब्याने. नावेत बसायचे तर लाइफ जॅकेट बांधूनच.

दिवसाला एकच ठिकाण पाहावे. एके सकाळी किल्ल्यातला राजवाडा: १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे ज्या बाईने राज्य केले तिची गादी किती साधी आहे ते डोळ्यांनी बघावे. तिथेच मातीची चिमुकली शिवलिंगे करून, पूजा करून नर्मदेत सोडण्याची प्रथा आजही चालते. दुसऱ्या दिवशी हातमाग. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, म्हणून महेश्वरी अंगावर इतकी हलकी बसते. किनारीवरची चटई, लाट, वीट ही नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवर शोधायला फार गोड वाटते. अस्सल किनार दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, पदर उलटून बघावा. नातीसाठी एक दुपट्टा सावकाश निवडावा आणि संध्याकाळच्या फोनवर तिला कोणती लाट कुठल्या पायरीवर सापडली ते दाखवावे. बाकी वेळ रिकामा ठेवावा. दाल-बाफले दुपारीच खावेत, तुपात बुडालेला बाफला रात्री पोटावर बसतो आणि झोप मोडतो. संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मिळाली तर त्यापरते सुख नाही.

पायाला सूज, ताप, जुलाब, बीपी हाताबाहेर, यांतले काही असेल तर सहल पुढे ढकलावी. म्हणून खोली राखतानाच दिवस बदलता येईल का ते विचारावे आणि मुलांनी स्वस्त पण परत न मिळणारे बुकिंग करू नये.

महेश्वर-मांडूच्या हॉटेलमालकांना आपल्या पत्रातून एक विनंती. परदेशातून परतलेल्या ज्येष्ठांची संख्या ऑक्टोबर ते डिसेंबरात मोठी असते. त्यांच्यासाठी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत कमोडशेजारी दांडी बसवावी, पडद्यांना मागून काळे अस्तर लावावे, जेवणघर संध्याकाळी साडेसहाला उघडावे, आणि पहाटे चारला जागे झालेल्या माणसासाठी खोलीत किटली, दूध व चार बिस्किटे ठेवावीत.

आपले,
राजेंद्र नगर, इंदूर येथील वाचक